पुढच्या चाकात बारा पौंड

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी पहिल्यांदा बाइकच्या टायरची ट्यूब ठेवली तेव्हा बायको दारातच उभी होती. त्या काट्यावर ती लाडवांचा रवा मोजायची. मी आधी साधी ट्यूब ठेवली, मग हेवी ड्यूटी. साधी पातळ होती, हातात घेतली की लोळागोळा व्हायची. जाडवाली चार मिलिमीटरची, वळवायला गेलं तर उलटून मनगटावर बसायची. काटा जवळजवळ दुप्पट पुढे गेला.

"मोजून काय मिळालं?" बायकोनं विचारलं.

"खरंच जाड आहे, की नुसतं खोक्यावर लिहिलंय, ते कळलं."

"रव्याला रबराचा वास आला तर सगळे लाडू तूच खायचेस."

खाल्लेही मीच. पण ट्यूबच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसे. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात मी हाडांचा डॉक्टर होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. हाडांचा डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं मोठा सर्जन. मी होतो स्टाफ ग्रेड. म्हणजे काम सगळं करायचं, ड्यूटीच्या रोटावर सगळ्यांच्या आधी नाव, पण ट्रेनिंगची जागा नाही, आणि ट्रेनिंग नाही म्हणून कन्सल्टंट होण्याची वाटही नाही. तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नकार आला. आठवडाभर लोकांची मोडलेली हाडं जुळवायची आणि रविवारी आपलीच मोडायला जायचं, असं बायको म्हणायची. रविवारी मी वेल्सच्या सीमेवरच्या एका शेतावर डर्ट बाइक चालवायला जात असे.

शेत एका म्हाताऱ्या इंग्रज शेतकऱ्याचं होतं. मेंढ्या खालच्या कुरणात, आणि वरचा डोंगर रविवारी बाइकवाल्यांना मोकळा. माणूस कमी बोलायचा. पहिल्या दिवशी मी दोन्ही चाकांत तीस पौंड हवा भरून गेलो होतो. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हवा कमी ठेवणं जमतच नाही. लहानपणापासून एकच ऐकलेलं असतं, हवा कडक पाहिजे, नाहीतर टायर खल्लास. म्हाताऱ्यानं वाकून माझ्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला, खिशातून आगकाडी काढली आणि व्हॉल्व्हमध्ये खुपसली. हवा सूं करून जात राहिली. मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. बऱ्याच वेळानं त्यानं काडी काढली, परत अंगठा दाबला आणि म्हणाला, "बारा." मी हवा मोजायचा गेज लावून बघितला. बारा होते.

त्यामागचं शास्त्र मला पुढच्या काही रविवारी कळलं. ओल्या दगडावर कडक टायर नुसता उड्या मारतो, पकड घेतच नाही. हवा कमी केली की टायर दगडावर पसरतो, त्याला धरून ठेवतो. पण हवा कमी म्हणजे दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाणार, आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडणार. म्हणून जाड ट्यूब. शिवाय कमी हवेवर टायर रिमवर घसरून फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटून काढतो, म्हणून टायरला आतून रिमशी आवळून धरणारा एक क्लॅम्प. आणि व्हॉल्व्हची चकती रिमला कधीही आवळायची नाही. ती ढिली असली की टायर घसरला तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि तुम्हाला आधीच दिसतं. चिखल असेल तर अकरा, टोकदार दगड असतील तर चौदा, एरवी बारा-तेरा. हे सगळं मी एकट्यानं, चुकत, पडत, ढकलत बाइक परत आणत शिकलो. म्हाताऱ्यासारखा अंगठासुद्धा तयार केला. वर्षभरात मला गेजची गरज उरली नाही. गाडीला हात लावण्याआधी टायरवर अंगठा दाबायची सवयच लागली, कुठलीही गाडी असो. बायकोच्या कारवरही दाबायचो.

आणि मग तो आला.

तो माझ्याच कॉलेजचा, मला दोन वर्षं ज्युनियर. आमच्याच हॉस्पिटलात लागला. पहिले दोन महिने आमच्याकडेच जेवायचा. बँकेचं खातं, कौन्सिलची पत्रं, कुठल्या दुकानात कढीपत्ता मिळतो, सगळं मी सांगितलं. रविवारी एकटा काय करणार म्हणून डोंगरावरही मीच नेलं. माझी जुनी बाइक त्याला दिली. ट्यूब कशी बसवायची ते माझ्या शेडमध्ये शिकवलं. आधी टायरच्या आतून शंखजिऱ्याची पावडर लावायची म्हणजे ट्यूब चिकटत नाही, मग थोडीशी हवा म्हणजे तिला पीळ बसत नाही, मग टायरच्या कडेला भांडी घासायचं लिक्विड. तो सगळं एकदाच ऐकायचा आणि एकदाच करायचा. हेच मला पहिल्यांदा खुपलं. माझ्या चार ट्यूब टायर चढवायच्या लिव्हरनं फाटल्या होत्या. त्याची एकही नाही.

सहा महिन्यांत तो माझ्या पुढे जायला लागला. मी खाली वळणावर ब्रेक धरून बसलेलो, आणि तो वरच्या दगडी उतारावरून पाणी उतरावं तसा येत असे. एक दिवस म्हातारा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघत म्हणाला, "तुझा दोस्त जन्मजात आहे." तीन वर्षं मी त्या शेतावर येत होतो. तीन वर्षांत म्हाताऱ्यानं माझ्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मी म्हटलं, "हो, मीच शिकवलं त्याला." म्हातारा म्हणाला, "असं होय," आणि मेंढ्यांकडे गेला.

त्याच वर्षी त्याला ट्रेनिंगची जागा मिळाली. पहिल्या अर्जात. पेढे घेऊन आमच्या घरी आला, बायकोच्या पाया पडायला गेला, तिनं हसून त्याला थांबवलं. मी त्याला मिठी मारली, आणि पेढा तोंडात घोळवत बसलो. तो गेल्यावर बायको म्हणाली, "जळायला लागलंय वाटतं कुठेतरी." मी म्हटलं, "गॅस बघ बंद आहे का." ती बघायला गेली नाही. लपवून काय करू, मी जळत होतो. त्याचं लग्न झालं तेव्हा जळलो, वहिनी गाते हे कळल्यावर जळलो, त्यानं नवी बाइक घेतली तेव्हा तर दोन दिवस धड बोललो नाही. आणि याचं सगळ्यात वाईट असं होतं की तो मला काहीच देणं लागत नव्हता आणि तरी सगळ्यांना सांगायचा, "हा नसता तर मी इथं टिकलोच नसतो."

चार-पाच वर्षांनी दसऱ्याच्या सुमाराला त्याचे वडील आले. माझे वडील मी इंग्लंडला येण्याआधीच गेले होते, त्यामुळे जळायला हेही एक निमित्त झालं. काका साधे, काटक, कानावर केस असलेले. एसटीच्या डेपोत टायर सेक्शनला त्यांची सगळी नोकरी झाली होती. पहिल्याच भेटीत माझे हात बघितले, नखांतली काळी रेघ बघितली आणि म्हणाले, "तू टायरचं काम करतोस." मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्यांच्या मुलाची नखं स्वच्छ होती. त्या दुपारी आम्ही दोघं तास-दीड तास टायर या एकाच विषयावर बोललो. डेपोत गेज नेहमी बिघडलेला, त्यामुळे काकांचं सगळं काम अंगठ्यावर आणि लोखंडी सळईच्या आवाजावर चालायचं. "दोन पौंडांचा फरक कळायचा मला," ते म्हणाले. आम्ही हवा मुद्दाम कमी ठेवतो हे मात्र बोलण्यात आलं नाही. मला ते सांगायचं सुचलं नाही, आणि त्यांना तसं काही असू शकतं हे वाटलंच नसणार.

दसरा कामाच्या दिवशी आला, म्हणून पूजा शनिवारी दुपारी ठरली, त्यांच्या मागच्या अंगणात. झेंडू कुठला मिळणार, सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती आणली होती. आपट्याची पानं काकांनी वर्तमानपत्रात दाबून आणली होती. कार, बाइक, ड्रिल मशीन आणि गवत कापायचं यंत्र, सगळं ओळीनं मांडलं होतं. बाइकच्या पुढच्या चाकाखाली लिंबू. वहिनी फोटो काढत होती. माझी पाळी आली तेव्हा मी टाकीला हळदकुंकू लावलं आणि वाकून सवयीनं पुढच्या टायरवर अंगठा दाबला.

टायर दगडासारखा होता. तीसच्या वर, पस्तीस असेल.

मी मान वर केली. शेडच्या भिंतीला पायपंप टेकवून ठेवला होता. काका शेजारी उभे होते, कपाळावर अजून घाम. मला सगळं एका क्षणात कळलं. डेपोत खंडेनवमीला प्रत्येक गाडीची हवा पूर्ण भरून मगच पूजा व्हायची, हे त्यांनीच मला त्या दिवशी सांगितलं होतं. मऊ टायरला कुंकू लावायचं म्हणजे आजारी माणसाला बोहल्यावर उभं करायचं, असं त्यांचे साहेब म्हणायचे. मुलाच्या गाडीची हवा अर्ध्याहून कमी दिसली, म्हणून काकांनी कुणाला न सांगता नुकतीच भरून टाकली होती. आमच्यातलाच माणूस ही चूक करू शकतो. मीही तीच करून त्या डोंगरावर पहिल्यांदा गेलो होतो.

टायरवर माझ्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता. मी सरळ उभा राहिलो आणि नारळ फोडायला दगड शोधायला लागलो. काही बोललो नाही.

का नाही बोललो, ते मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावर जाणार होतो. मला त्याला पडलेलं बघायचं नव्हतं, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मला फक्त एक दिवस हवा होता. एकच रविवार, ज्या दिवशी त्याची बाइक उड्या मारेल, त्याची रेघ चुकेल, आणि म्हातारा माझ्या शेजारी उभा राहून काही म्हणणार नाही.

सकाळी आम्ही बाइक व्हॅनमधून उतरवल्या. रात्री पाऊस होऊन गेला होता, पाटीच्या दगडाचा तो उतार काळा चकचकीत दिसत होता. मी माझी चाकं तपासली. तो हातमोजे चढवत होता. एरवी गेज लावल्याशिवाय तो इंजिन सुरू करत नसे, त्या दिवशी त्यानं गेज पेटीतून काढलाच नाही. पुढच्या टायरवर लाल ठसा अजून दिसत होता. मी वाट बघितली, की आता लावेल. त्यानं कुरणात एक फेरी मारली आणि परत येऊन हेल्मेटची काच वर केली.

"अरे, सस्पेन्शन आज जरा हार्ड वाटतंय. थंडीमुळे असेल?"

माझ्या खिशात आगकाड्या होत्या.

"असेल," मी म्हटलं.

तो वर गेला. उतारावर अर्ध्यात पुढचं चाक एकदा उसळलं, बाजूला सरकलं आणि परत सरळ झालंच नाही. तो हात पुढे करून पडला. मी धावत गेलो. हातमोजा काढायच्या आधीच मला मनगटाचा आकार दिसला. उजवं मनगट, उलटा ठेवलेला जेवायचा काटा दिसतो तसं. आम्ही दोघंही रोज अशी मनगटं बघत होतो. तो दगडावर बसून त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "परीक्षा गेली." सर्जनच्या शेवटच्या परीक्षेला दोन महिने उरले होते.

शेतकरी आला, बाइक उभी केली, टायरवर अंगठा दाबला. "कुणी भरली ही?" त्यानं विचारलं. मित्रानं मान हलवली, त्याला माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मनगटाला फळी बांधत होतो, तसाच बांधत राहिलो.

मनगटात प्लेट घालावी लागली. ऑपरेशनला मी असिस्ट केलं, आणि मी ते नीट केलं, एवढं म्हणू शकतो. हवेचं त्या संध्याकाळीच घरात कळलं. काकांनी स्वतःच सांगितलं. आणि त्यानंतर त्या माणसानं जेवण सोडल्यासारखंच केलं. मी दर दोन दिवसांनी जात होतो, ड्रेसिंगच्या निमित्तानं. काका खिडकीपाशी बसलेले, ताट तसंच. "आयुष्यभर हवा भरली आणि पोराचाच हात मोडला," एवढंच म्हणायचे. वहिनी समजूत घालून थकली. माझ्या एका वाक्यानं त्यांचं ओझं अर्धं झालं असतं. ते वाक्य मी दर वेळी घरून ठरवून निघत असे आणि दर वेळी तसंच परत आणत असे. बायकोलाही सांगितलं नाही. तिनं एकदाच विचारलं, "तू का खात नाहीयेस?"

काका परत जायच्या दोन दिवस आधी मी गेलो. मित्र प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसला होता. काकांनी परत तेच म्हटलं. मित्र त्या दिवशी चिडला.

"बाबा, प्लीज, इनफ. तुमची चूक नाहीये. टायर मी चेक करायला पाहिजे होता. आणि केला का नाही माहितीये? पूजेत यानं पुढचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला, मी समोर उभा होतो. हा बघतो म्हणजे विषय संपला. यानं बघितल्यावर मी कधी गेज लावतो का? आता त्या दिवशी गडबडीत याच्याही लक्षात आलं नाही. याच्या अंगठ्याला जे कळलं नाही, ते तुम्हाला काय कळणार?"

तो उठून डाव्या हातानं चहा ठेवायला आत गेला. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

काका माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. मी तो मांडीवर ठेवला होता, तो उचलून कुठे ठेवावा ते मला कळेना.

"पस्तीस होती," काका हळू आवाजात म्हणाले.

"हो काका."

"तुला कळलं होतं."

खोटं बोलायला माझ्याकडे बराच वेळ होता.

"हो," मी म्हटलं.

"का रे?"

त्यांनी त्यांच्या मुलाच्या भिंतीवरचे फोटो बघितले, सर्टिफिकेट बघितलं, मग माझ्या नखांकडे बघितलं. मला वाटतं त्यांना ते कळलं. डेपोत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला बढती हुकलेल्यांची तोंडं माहीत असणार. त्यांनी समोरचं ताट ओढलं आणि पोळीचा तुकडा मोडला. त्या पंधरा दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच आपणहून खाताना बघत होतो.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी परवा जाणार. इथं अडीनडीला त्याला तुझ्याशिवाय कोण आहे?"

त्यांनी मला माफ केलं असं मला वाटत नाही. पुन्हा ते माझ्याशी टायरबद्दल बोलले नाहीत. विमानतळावर मी पाया पडलो तेव्हा खांद्याला धरून उठवलं, आणि हात थोडा जास्त वेळ तिथंच ठेवला. काय सांगायचं होतं ते मला कळलं.

मनगट भरलं. परीक्षा त्यानं पुढच्या खेपेला दिली, पास झाला, कन्सल्टंट झाला. मी नंतर दुसऱ्या गावी गेलो आणि स्टाफ ग्रेडच राहिलो. खरं सांगायचं तर त्याच्या कन्सल्टंटच्या पत्राची बातमी ऐकूनही पोटात दुखलंच, सगळं होऊनही. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी गप्प राहिलो, आणि अडीनडीला जातो. त्याच्या मुलीच्या तापापासून ते शेडच्या छपरापर्यंत.

तो अजून बाइक चालवतो. मी सोडली. पण नवी ट्यूब घातली, नवा डोंगर असला, की शनिवारी त्याचा फोन येतो.

"ओले दगड आहेत, हेवी ड्यूटी ट्यूब. पुढच्या चाकात किती ठेवू?"

"बारा," मी सांगतो. "पण सकाळी गेज लावून बघ."

"तू सांगितलंस ना," तो म्हणतो, "मग कशाला?"